कपाटातले कागद

आमचे दिगूकाका गेले, पण डोळे मिटले की एडिसन गावातल्या घरात खिडकीशी बसलेले दिसतात.

ब्याऐंशीचा एप्रिल होता. त्यांच्या लेकीला, पद्मिनीला, दूर टेक्ससला नोकरी लागली, तर काका तिचे पासपोर्टबिसपोर्ट कपाटातून काढून देईनात.

तेवढ्यात टोरांटोहून धाकट्या विनयचा फोन आला. "दादा, आमची राज्यघटना लंडनहून घरी आली! आता बदलायला इंग्रजांना विचारायला नको."

"इतकी वर्षं तिकडेच? मग भांडलात की काय?"

"छे! मागत राहिलो. राणी अजून आमचीच आहे की."

काका स्वप्नात असल्यासारखे कोवळ्या उन्हाकडे बघत राहिले. मग उठून कपाट उघडलं.

"पमे, घे तुझे कागद. रविवारी फोन मात्र कर हं."

तिनं कधी चुकवला नाही. परवाच्या रविवारीही केला, पण घंटी नुसती वाजतच राहिली.