शेळीच्या पोटाशी कोकरू

तीस वर्षं मी कॉलेजात ग्रीक तत्त्वज्ञान शिकवलं. शेळी ही प्रजाती खरंच असते की ते आपण ठेवलेलं नुसतं नाव, यावर दर वर्षी दहा मार्कांचा प्रश्न काढला. शेळीची धार मात्र मला आजही काढता येत नाही.

निवृत्तीनंतर शेवगावजवळ थोरल्या बहिणीकडे राहायला गेलो. एका सकाळी तिच्या शेळीला मेलेलं करडू झालं आणि शेजारीच बांधलेली मेंढी कोकराला जन्म देऊन मेली. कोकरू बाटलीला तोंड लावेना.

"दुपारपत्तुर चीक पोटात गेला न्हाई, तर हे बी जातंय," अक्का म्हणाली. तिने कोकरू शेळीजवळ नेलं. शेळीने हुंगलं आणि शिंगाने उडवून लावलं.

मी म्हणालो, यात नवल नाही. एका ग्रीक गुरूच्या मते खरी शेळी दुसऱ्याच जगात असते, इथे दिसतात त्या तिच्या नकला. त्याचाच शिष्य म्हणतो, शेळीपण प्रत्येक शेळीच्या आतच असतं, म्हणून शेळीला शेळीच होते. तिसऱ्या एकाला शेळ्या दिसत, शेळीपण कुठेच दिसत नसे.

"त्या तिघांना म्हनावं, सुरी द्या," अक्का म्हणाली. सुरी मीच दिली.

तिने मेलेल्या करडाचं कातडं सोललं आणि कोकराला स्वेटरसारखं चढवलं. वरून शेळी, आतून मेंढी. शिष्याची यावर चांगलीच पंचाईत झाली असती. शेळीने पुन्हा हुंगलं आणि मुकाट्याने पाजलं. डोळे, नाक सगळं फसवतं, हे गुरूचं म्हणणं मी अक्काला समजावून सांगितलं. ती शेण भरत होती.

तिसऱ्या दिवशी कातडं घाण मारू लागलं. अक्काने ते ओढून काढलं तशी माझी गाळण उडाली. "अगं नको, मारेल ती त्याला!"

शेळीने कोकराला डोक्यापासून शेपटीपर्यंत हुंगलं. बराच वेळ हुंगलं. मग मागचा पाय जरा बाजूला घेतला आणि कोकरू खाली घुसलं. मला इतका आनंद झाला की चष्मा पुसावा लागला.

"अजून करडाचा वास येत असेल का गं त्याला?"

"छ्या. मेंढीचाच येतोय."

"मग तिला कळलं कसं नाही?"

"कळलं की," अक्का म्हणाली. "पन तीन दिस पाजलंय तिनं."