स्वस्तातला मदरबोर्ड

कॉम्प्युटरच्या डब्याला तो पंजाची मागची बाजू लावायचा, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी. डोळे बारीक करून जरा थांबायचा आणि निदान सांगायचा, "किरकोळ कणकण हे ताई. काय होत नाय."

हे "काय होत नाय" त्याच्या तोंडात कायम. कॅसेट अडकली, काय होत नाय. नवरदेवाचं नाव चुकून उलटं आलं, काय होत नाय. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्याच्याजवळ बसलं की आपल्यालाही खरंच वाटायला लागतं की काही होत नाही.

शालिमारजवळच्या एका कॉम्प्लेक्समध्ये पहिल्या मजल्यावर माझं लग्नपत्रिकांचं दुकान होतं आणि त्याला लागून त्याचं व्हिडिओ मिक्सिंगचं. तो देवळ्याकडचा. घरी कांदा होता, भाऊबंद लासलगावच्या मार्केटला ट्रॅक्टर घेऊन जायचे, आणि हा मात्र कॅमेरा गळ्यात अडकवून नाशिकला आलेला. माझ्याकडे पत्रिका छापायला आलेल्यांना मी त्याच्याकडे पाठवायची, त्याच्याकडची माणसं तो माझ्याकडे. समोर मी त्याला भाऊ म्हणायची, मागे सगळा मजला त्याला डॉक्टर म्हणायचा.

दोन हजार चार-पाचचा काळ असेल. लग्नसराईत त्याचं मशीन रडकुंडीला यायचं. लग्नाचं शूटिंग कापून, त्यात गाणी आणि फुलं घालून सीडीवर उतरवायचं, तर कॉम्प्युटर तासन् तास गुरगुरत बसे. गिऱ्हाईक दारात आणि हा पडद्यावरच्या हिरव्या पट्टीकडे बघतोय. नवा कॉम्प्युटर घ्यायचा तर कॅमेरा विकावा लागला असता. मग कुठल्याशा मासिकात त्याने ओव्हरक्लॉकिंगबद्दल वाचलं. जुन्या प्रोसेसरला कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं. फक्त त्यासाठी तसा मदरबोर्ड पाहिजे, म्हणजे डब्यातली सगळे भाग जोडणारी पाटी.

अगं बाई, त्या मदरबोर्डाचं काय सांगू! मुलगी बघावी तसे त्याने बोर्ड बघितले. सायबर कॅफेतून कागद छापून आणायचा आणि माझ्या काउंटरवर, पत्रिकांच्या नमुन्यांवरच पसरायचा. मी म्हणायची, "भाऊ, अहो पत्रिका जुळते का तेवढं बघा आणि उरका एकदाचं." तो लाजायचा, पण कागद काही उचलायचा नाही.

शेवटी दोन बोर्ड उरले. कॅनडा कॉर्नरच्या दुकानदाराने दोन्ही समोर ठेवून समजावून सांगितलं. मीही होते, माझा प्रिंटर दुरुस्तीला दिला होता. तो म्हणाला, "हा जरा महाग आहे, पण ह्याच्यात हार्ड डिस्कचा वेग वेगळा बांधून ठेवता येतो. स्वस्त घेतला, तर प्रोसेसर पळवला की डिस्कही त्याच्या मागे फरफटते. मग डिस्कवरच्या फायली बिघडतात. तुमचं काम लग्नांचं आहे, हा घ्या." माझ्यासारखीलाही कळलं, इतकं साधं.

भाऊने स्वस्तातला घेतला. वाचलेल्या पैशांत डब्यात बसवायला निळा दिवा लागणारा पंखा घेतला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "दुकानदार महागच खपवणार ना ताई."

आणि मशीन पळालं हो! रात्रभराचं काम संध्याकाळी उरकायला लागलं. डब्याच्या काचेतून निळा उजेड पडायचा आणि भाऊ खुर्चीत मागे रेलून बसायचा. खालचा झेरॉक्सवाला, समोरचा फोटोवाला, सगळे बघून गेले. त्याला कुणीतरी विचारावं आणि त्याने सांगावं, असा त्याचा दिवस जायचा. खूष होता बिचारा. इतका खूष मी त्याला पूर्वी कधी पाहिला नव्हता.

मग एखादी फाईल उघडेना. एखाद्या वरातीत मध्येच हिरवे चौकोन नाचायचे. तो हात लावून बघायचा, कणकण म्हणायचा, मशीन बंद करून पुन्हा लावायचा. वेग मात्र कमी केला नाही. साऱ्या मजल्यासमोर मिरवून झालं होतं ना.

ह्या धंद्यातली एक रीत तुम्हाला सांगायला हवी. शूटिंगच्या कॅसेटा महाग. म्हणून एका लग्नाची कॅसेट डिस्कवर उतरवून घेतली की तीच पुढच्या लग्नाला वापरायची, आधीचं पुसून. सगळेच तसं करायचे. भाऊही.

मखमलाबादच्या एका फुलशेतीवाल्यांचं लग्न त्याच्याकडे होतं. पत्रिका माझ्याकडे. मुलीचे वडील स्वतः आले होते, बारीक झालेले, पिवळट. आजार मोठा होता हे त्यांनाही ठाऊक होतं. पत्रिकेवर "जेवल्याशिवाय जाऊ नये" असं छापा म्हणाले. मी म्हटलं, "काका, असं कुणी छापत नाही." तर म्हणाले, "मग मी तोंडाने सांगेन एकेकाला." लग्न झालं, आणि महिनाभरात ते गेले.

मुलगी सीडी मागायला आली. फोटो होते त्यांच्याकडे, पण तिला बोलते-चालते वडील हवे होते. म्हणाली, "आईला त्यांचा आवाज ऐकायचाय." भाऊने पुढचा आठवडा सांगितला. ती गेल्यावर त्याने ते लग्न उघडायला घेतलं आणि उघडलंच नाही. कॅसेटवर तोवर सातपूरचं एक लग्न चढलं होतं.

त्या दिवशी त्याने डब्याला हात लावला नाही. नुसता बसून राहिला. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, "ताई, दुकानदारानं सांगितलं होतं मला. तुमच्या समोरच सांगितलं." कान लाल झाले होते त्याचे. मला वाटलं, आता हा जाऊन सांगेल त्यांना. कप्पाळ माझं! तो खोटं बोलायला लागला. लाईट नव्हती, सीडी रायटर बिघडला, देवळ्याला जावं लागलं. मुलगी जिन्यावर दिसली की मागच्या दाराने निघून जायचा. एकदा तिची आई आली. पांढरं कपाळ, हातात शेवंतीची पिशवी, "भाऊंच्या देवाला" म्हणून आणलेली. हा माझ्या दुकानात, पत्रिकांच्या खोक्यांमागे उकिडवा बसलेला. ती बाई फुलं त्याच्या बंद दारापाशी ठेवून गेली.

मी त्याला खोक्यांमागून ओढून काढला आणि असा झापला की खालपर्यंत ऐकू गेलं असेल. "त्या माउलीला आणखी किती जिने चढायला लावणार आहात? लाज वाटत नाही?" तो म्हणाला, "तीच तर वाटती ताई. म्हणून तर जाता येत नाय." 

मग त्याने त्या मशीनचा वेग पूर्वी होता तिथे आणून ठेवला आणि डिस्क खरवडायला बसला. काय काय प्रोग्राम लावले, कुणाकुणाला फोन केले. एवढ्या मोठ्या लग्नातून हाताशी आला तो एक चिमूटभर तुकडा. तेवढीच सीडी घेऊन आम्ही माझ्या स्कूटीवरून मखमलाबादला गेलो. एकट्याने जायची त्याची छाती नव्हती.

ओट्यावर फुलं निवडायचं काम चाललं होतं. त्याने बसायच्या आधीच सांगून टाकलं, भराभर. "मला चांगला बोर्ड घे सांगितलं होतं. मी स्वस्तातला घेतला, पंख्याच्या हौसेपायी. तुमचं लग्न गेलं. लाईटचं, रायटरचं, सगळं खोटं होतं." मुलगी उठून आत गेली. मदरबोर्ड म्हणजे काय हे त्या माउलीला कुठलं कळायला. तिने एवढंच विचारलं, "काहीच नाय राह्यलं?"

सीडी लावली. चित्र म्हणाल तर नुसते चौकोन, त्यात कुठेतरी भगव्या फेट्याचा रंग. पण आवाज स्वच्छ होता. थकलेला, हसरा आवाज. "ओ शूटिंगवाले, आधी चार घास खाऊन घ्या. लग्न काय पळून चाललंय का?"

तेवढंच. मुलगी आतून धावत आली. पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. माउली रडत होती आणि हसतही होती, "असंच म्हणायचे, असंच." भाऊ भिंतीला टेकून उभा होता. वर बघत नव्हता. मलाच तिथे बसवेना.

मग ती बाई उठली आणि तिने ताट वाढून आणलं. म्हणाली, "बसा भाऊ. त्यांनी सांगितलंय." त्याने नाही म्हणून पाहिलं, पण ते शब्द आत्ताच सगळ्यांनी ऐकले होते. बसला. मान खाली घालून एकेक घास ढकलत राहिला. शिक्षा म्हणून कुणी चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

येताना गंगापूर रोडला त्याने स्कूटी थांबवायला लावली. म्हणाला, "ताई, त्या दिवशी मी जेवलोच नाय. ते सारखे मधी येत होते, जेवा म्हणून. मला राग आला. कॅमेरा बंद केला आन 'नंतर बघू' म्हणालो. म्हणून तुकडा तिथंच संपतो. पुढं ते काय बोलत होते, ते मी घेतलंच नाय." रस्त्याच्या कडेला तो माणूस पोरासारखा रडला. "काय होत नाय" म्हणायची पाळी माझी होती, पण मला म्हणता आलं नाही.

हाती घेतलेली सगळी लग्नं पुरी करून, ज्याची त्याला देऊन तो देवळ्याला निघून गेला. पुन्हा त्याने कॅमेरा धरला नाही म्हणतात.

दोन-तीन वर्षांनी तीच मुलगी भावाच्या लग्नाची पत्रिका छापायला आली. आईचा निरोप होता, शूटिंगला तेच भाऊ पाहिजेत. मी देवळ्याला फोन लावला. त्याने निरोप ऐकून घेतला. मग म्हणाला, "दुसरा चांगला बघून द्या त्यांना ताई. चांगला मशीनवाला."

"शूटिंग नका करू, नुसतं जेवायला तरी या म्हणाल्यात हो."

फोन ठेवल्याचा आवाज आला.

लग्नाला मी गेले होते. पंगती उठत होत्या, बसत होत्या. मांडवाच्या कडेला माउलीने एक ताट वाढून, वर दुसरं ताट झाकून ठेवलं होतं. वाढपी दोनदा उचलायला आले, तिने उचलू दिलं नाही. वरात निघाली, मांडव रिकामा झाला, सतरंज्या गुंडाळल्या, तरी ती त्या ताटाशी बसून फाटकाकडे बघत होती.