चेंबरवरचं लाल फडकं

उंब्रजच्या हायवेवर बंगळूरची बस दोन मिनिटं थांबते, तीही ड्रायव्हरची मर्जी असेल तर. म्हणून त्या संध्याकाळी आण्णा, म्हणजे माझे वडील, चार पावलं पुढं जाऊन टॉवेल हलवत उभे राहिले. पायदळातून हवालदार म्हणून रिटायर झालेला माणूस लेकीसाठी ट्रॅफिक पोलीस झाला! आई रडत रडत माझ्या पिशवीत खर्ड्याची बरणी कोंबत होती. आण्णा रडले नाहीत. बस थांबल्यावर एवढंच म्हणाले, "जा. पण बंदूक म्हंजे काय खेळणं न्हाई, वैशे."

त्यांचं दुखणं तेच होतं. इंजिनिअरिंग केलेली पोर नोकरीला चालली कुठं, तर व्हिडिओ गेम बनवायला. त्यातही गोळीबाराचा गेम. तीन मजली रोबो, त्यांच्या पायांत पळणारे जवान, आणि ऑनलाइन एकमेकांवर तुटून पडणाऱ्या दोन टीम. गावात कुणी विचारलं की आण्णा "कंप्युटरात हाय" म्हणून विषय बदलायचे. मला लय राग यायचा. माझ्यासारखे गावातून बाहेर पडलेले असाल तर तुमच्या घरीही असं काहीतरी चालत असेलच.

कंपनीत जवान माझ्याकडं होते. ते कसे पळणार, कसे लढणार, सगळं मी ठरवायचं. आणि टेस्टसाठी खेळायला बसलेला एकूण एक माणूस रोबो निवडायचा. जवान कुणालाच नको! मी त्यांना मोठ्या बंदुका दिल्या, उंच उड्या मारणारे बूट दिले. ढिम्म फरक पडेना. शेवटी आमच्या टीमच्या बाई म्हणाल्या, "पुढच्या टेस्टपर्यंत बघू, नाहीतर जवान काढून टाकू." जवान गेले की माझं कामही गेलं. आण्णांना काय तोंड दाखवू या विचारात असतानाच मी चार दिवस गावी आले.

लॅपटॉपवर आण्णांना माझा जवान दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ह्यो जवान हाय का बेंदराला सजवलेला बैल? किती लादलंय! आन् पाण्याची बाटली कुठाय त्याची?"

दोन वर्षांत आमच्यातल्या एकालाही बाटली आठवली नव्हती. मला हसू आलं आणि लाजही वाटली.

त्याच दुपारी आमचा ऊस तोडायला मशीन आलं. ड्रायव्हर उंच केबिनमध्ये, त्याला पार ओढ्यापर्यंत दिसत असेल. तरी आण्णांनी त्याला बांधावरच थांबवलं. लांब काठीला लाल फडकं बांधलं आणि वाकून उसात शिरले. थोड्या वेळानं उसाच्या शेंड्यांवर ते फडकं दिसायला लागलं. तिथं पाइपलाइनचं सिमेंटचं चेंबर होतं. मशीन त्यावर गेलं असतं तर पातीही तुटली असती आणि पाइपही फुटला असता.

"त्याला वरून दिसत नाही का?" मी विचारलं.

"वरनं लांबचं दिसतंय गं. पायाबुडी काय हाय ते चालणाऱ्यालाच कळतं. रणगाड्याच्या म्होरं आमी हेच तर करायचो." घाम पुसून म्हणाले, "गोळी लय कमी वेळा झाडली मी."

इतकी वर्षं मी त्यांना त्यांच्या नोकरीबद्दल धड विचारलंसुद्धा नव्हतं.

बंगळूरला परतल्यावर जवानाच्या अंगावरचं निम्मं ओझं उतरवलं. कमरेला पाण्याची बाटली दिली. मॅपवर खड्डे आणि सुरुंग पेरले, पण असे की रोबोतून दिसणारच नाहीत. जवान चालत जाऊन निशाण रोवेल तेव्हाच दिसतील. टेस्ट सुरू झाली आणि दहा मिनिटांत सगळे रोबो खड्ड्यात! संपलं, म्हणून मी मान खाली घातली. तेवढ्यात हेडफोनमध्ये कुणीतरी ओरडलं, "अरे यार, कोई नीचे उतरो!" एक जण रोबोतून उतरून जवान झाला. मग दुसरा. संध्याकाळपर्यंत जवान कोण होणार यावरून दोघांची जुंपली होती. बाई म्हणाल्या, "राहू देत जवान." मी बाथरूममध्ये जाऊन रडले, खरं सांगते. मग आण्णांना फोन लावला.

"ऱ्हायलं व्हय? बेस झालं," ते म्हणाले. "आन् बाटली?"

"दिली, आण्णा."

आता भाजीवाल्याशी मी मोडकं कन्नड बोलते, खर्डा पुरवून पुरवून खाते. पहिल्या वर्षी वाटायचं, घर त्या हायवेवर मागंच राहिलं. हल्ली तसं वाटत नाही. रविवारी दुपारी आण्णा माझ्या जुन्या लॅपटॉपवर गेममध्ये येतात. जवान होतात, एक गोळी झाडत नाहीत, आणि गेममधल्या खड्ड्यांनाही चेंबरच म्हणतात. मी रोबो चालवते. धुरातून काही दिसेनासं झालं की मी थांबते, आणि उंब्रजहून कानात आवाज येतो, "वैशे, डावीकडं चेंबर हाय. निशाण लावलंय. ये आता."