बदकं येईपर्यंत गप्प

ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत शॉमबर्गला राहायचो. शेजारच्या अमेरिकन म्हाताऱ्याला बदकांच्या शिकारीचं भारी वेड. एका नोव्हेंबरात त्याने आम्हा नवराबायकोला सोबत तळ्यावर बोलावलं. शिकारीशी मला काय देणंघेणं! पण मी लगेच हो म्हणाले. येत्या जूनमध्ये कायमचं नाशिकला परतायचं, हे लग्नातच ठरलेलं. तिकडे आई एकटी वाट बघत होती आणि इकडे विषय काढला की हे बेसमेंटमध्ये पसार! तळ्यातून कुठे पळतील, म्हटलं.

तर तिथे बोलायचीच बंदी! ब्लाइंड म्हणजे पाण्यात खांबांवर उभं केलेलं, बाहेरून वाळलेलं गवत बांधून झाकलेलं लाकडी खोपट. बदकांना आपण दिसायचं नाही, ऐकू जायचं नाही. बाकावर तिघं ओळीने बसलो, माना खाली, कारण वरून चेहरे चमकतात म्हणे. पाय गारठले. पोह्यांच्या डब्याचं झाकण उघडलं तर म्हाताऱ्याने डोळे वटारले.

शेवटी राहवेना. त्याला मराठी कुठे कळतंय, या भरवशावर मी पुटपुटले, "अहो, तिकिटांचं काय?"

"आत्ता?"

"मग कधी? आईला काय सांगू?"

"हळू यार, बदकं येतायत!"

"खड्ड्यात गेली तुमची बदकं!"

हे जरा जोरातच झालं. पाय सोडून पाण्यावर उतरू लागलेला थवा गर्रकन वळला आणि दिसेनासा झाला. म्हाताऱ्याने बंदूक खाली ठेवली.

"बदकांना तुमची भाषा कळते वाटतं," तो म्हणाला आणि खो खो हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्याने थर्मासमधली कॉफी ओतली. खोपटाच्या फळ्या हलवून बघत ह्यांना म्हणाला, "ऑगस्टमध्ये हे सगळं नव्याने बांधायला हवं. माझे गुडघे गेले. येशील मदतीला? पुढच्या सीझनला इथली जागा तुझी."

"ऑफकोर्स!" हे म्हणाले. क्षणभरसुद्धा विचार न करता. मग एकदम माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"आता काही बदकं येत नाहीत," म्हातारा मला म्हणाला. "बोला हवं तेवढं."

सकाळपासून जीभ नुसती वळवळत होती माझी. आता तोंडातून शब्द फुटेना.