सानिकाने मोजलेले दिवस

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले तेव्हाही नाही — तिथे तर मी हटकून दुसरंच काहीतरी मागत राहिले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. सांगता सांगता मी स्वतःची बाजू घ्यायला लागले तर समजून जा, ती माझी जुनी खोड आहे.

मी रत्नागिरीत राहते, मारुती मंदिराच्या मागच्या अंगाला, दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये. एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. आमचे हे मुंबईला नोकरीला. महिन्यातून एकदा गाडीने येणार, दोन दिवस राहणार, आंब्याची नाहीतर माशांची पिशवी घेऊन परत जाणार. म्हणजे घरात मी आणि माझी मुलगी सानिका, दोघीच. मला राग आला तर तो काढायला समोर तीच असायची.

आणि राग यायचा. पाळीच्या आधीचे सात-आठ दिवस — कसं सांगू? छाती दगडासारखी जड व्हायची, पोट फुगायचं, झोप उडायची, मिक्सर लावला की कवटी फुटेलसं वाटायचं. बायकांची चिडचिड म्हणून लोक हसतात ना, तो हा प्रकार नव्हे. मला कोणालातरी मारावंसं वाटायचं. बांगड्याच्या कालवणाचं पातेलं मी भिंतीवर फेकलंय — का, तर सानिका म्हणाली, मीठ कमी आहे. कुकरचं झाकण फेकून दाराचा टवका उडवलाय. उलथन्याने तिच्या पोटऱ्यांवर वळ उठवलेत. एकदा तर मारायला कोणी नव्हतं म्हणून स्वतःचंच मनगट चावलं, रक्त येईपर्यंत. मग पाळी यायची आणि दोन-चार तासांत सगळं ओसरायचं. मी तिच्या वळांना खोबरेल लावायचे, तिच्यासाठी घावणे घालायचे. ती मुकाट्याने खायची.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे कळायला मला किती वर्षं लागावीत? शेजारच्या काकू म्हणायच्या, "तुला काय तरी बाहेरचं लागलंय गो. देवाला गाऱ्हाणं घाल एकदा." गाऱ्हाणंही घातलं. शेवटी पोटदुखीसाठी म्हणून एका डॉक्टरबाईंकडे गेले, तेव्हा सानिका अकरा वर्षांची होती. बाईंनी बरंच खोदून विचारलं आणि सांगितलं, तीन महिने रोज लिहा — झोप, दुखणं, राग, पाळीची तारीख. आता नोंदी ठेवणं हा तर माझा रोजचा धंदा! मुलांना मी ओरडून सांगते, नळीत दिसेल तेच वहीत लिहायचं, मनाचं नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी पेन्सिलीने खुणा करायला लागले. तिसऱ्या महिन्यात आंधळ्यालाही दिसलं असतं.

याला नाव आहे, यावर औषध आहे, हे ऐकून मी बाईंच्या समोर हसत सुटले. त्यांनी गोळ्या दिल्या, चहा कमी करायला लावला, रोज चालायला सांगितलं. आणि सांगितलं, घरच्यांना आधी कल्पना द्या, राग चढायला लागला की त्या खोलीतून उठून जा. मी तसं केलं. तारखेआधीच्या आठवड्याची खूण आली की सानिकाला सांगायचं, "आजपासून मला जपून," आणि संध्याकाळी भाट्याच्या पुलापर्यंत तरातरा चालून यायचं. सात महिने मी पोरीला हात लावला नाही. हे खरं आहे. पण हेही मी माझीच बाजू म्हणून सांगतेय, नाही का?

कारण मला त्याची गोडी लागली. आयतं पांघरूण मिळालं होतं. नणंदेकडे जायचं नाही — तारीख जवळ आलीय. कॉलेजात शिपायाला वाट्टेल ते बोलले — तारीख जवळ आलीय. फोनवर ह्यांच्यावर खेकसले की हेच समजुतीने विचारायचे, "तारीख आली काय गो?" मी हो म्हणायचे. कोण कॅलेंडर बघायला बसलंय?

सानिका बघत होती.

तो रविवार होता, दुपारची वेळ. माझी पाळी होऊन गेली होती. झोप झाली होती, अंग हलकं होतं. सकाळी ह्यांचा फोन आला होता, की या महिन्यातही येणं जमत नाही. तेवढं डोक्यात होतं. सानिका घडी घातलेला कागद घेऊन आली. गणिताचा पेपर — चाळीसपैकी नऊ. सही हवी होती. पेपर बारा दिवसांपूर्वीचा होता. बाई रोज सही मागत होत्या आणि ही रोज "विसरले" म्हणून वर्गाबाहेर उभी राहत होती. मी विचारलं, "इतके दिवस का लपवलास?" ती हसली — अगदी विश्वासाने हसली — आणि म्हणाली, "तेव्हा तुझे ते दिवस होते ना, आई. मग चुकायला नको म्हणून वर आठवडा जाऊ दिला. आज ते दिवस नाहीत. मी मोजलंय."

मला काय झालं? काही झालं नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली नाही, भान सुटलं नाही. मला ओट्यावरची पाण्याची रेघसुद्धा स्पष्ट दिसत होती. मनात एवढंच आलं, की ही एवढीशी पोर माझ्यावर पाळत ठेवते? मी कधी माणसात असते नि कधी नसते, हे ही ठरवते? मी तिची वेणी डाव्या हातात धरली, तिला हलता येऊ नये म्हणून, आणि उजव्या हाताने डाव्या कानावर मारलं. ती ओट्यावर आपटली. मी तिला वेणीनेच ओढून उभी केली आणि पुन्हा मारलं, त्याच कानावर, या वेळी मूठ वळून. तिच्या कानातून रक्ताची बारीक धार फ्रॉकच्या कॉलरवर उतरली. ती रडत नव्हती, नुसती कॅलेंडरकडे बघत होती.

मी म्हणाले, "मोजलंस? चाळीसपैकी नऊ मिळवणारी तू, तुला काय मोजता येतं? माझी तारीख उद्याची आहे. चुकलीस तू."

कानाच्या डॉक्टरांना सांगितलं, बाथरूममध्ये घसरली. पडदा फाटला होता. ह्यांना मात्र फोनवर मारल्याचं कबूल केलं, ढसाढसा रडले, आणि तारखेचं सांगितलं. हे मिळेल त्या गाडीने आले. आल्या आल्या माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुझा काय दोष गो यात? चाळिशीत मागेपुढे व्हायचंच." कानात कापूस घालून पलंगावर बसलेली सानिका हे सगळं उजव्या कानाने ऐकत होती.

कॅलेंडरवरची झालेल्या पाळीची खूण मी हे यायच्या आधीच खोडरबरने पुसली होती. आणि मग मी खोटी पाळी पाळली. चार दिवस. कोरे पॅड उघडायचे, कागदात गुंडाळायचे, कचऱ्यात टाकायचे. तो कचरा खाली नेऊन टाकायचं काम सानिकाचं होतं. पोटाला गरम पाण्याची पिशवी धरून मी पडून राहिले. काकूंकडे सत्यनारायण होता, तर दारातूनच सांगितलं, अडचण आहे. काकूंनी हळहळून सानिकाच्या हाती प्रसाद दिला. पुढे खरी पाळी आली तेव्हा म्हटलं, गोळ्यांनी गडबड केली. सगळ्यांनी मान डोलावली. डॉक्टरबाईंकडे मी परत गेले नाही. त्यांनी खऱ्या तारखा विचारल्या असत्या.

कान बरा झाला, पण पुरता नाही. त्या बाजूने तिला आजही कमी ऐकू येतं, ती माणसं बघून जागा बदलून बसते. पण मला छळतं ते निराळंच. आधी, चांगल्या दिवसांत, ती माझ्याशी भांडायची, मला चिडवायची, माझ्या ताटातली माशाची तुकडी पळवायची. महिन्यातले वीस-बावीस दिवस तिला आई होती, आणि ते कुठले हे तिला ठाऊक होतं. त्या रविवारनंतर ती तीसही दिवस दबकून वागायला लागली. कॅलेंडरकडे पुन्हा बघितलं नाही. हे कौतुकाने म्हणायचे, पोर किती शहाणी झाली.

आता ती एकवीस वर्षांची आहे, पुण्याला शिकते. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. पाळीच्या आधी तिलाही त्रास होतो. माझ्यासारखा नाही, ती कोणाला मारत नाही. ती दार लावून घेते, दोन दोन दिवस जेवत नाही, मरावंसं वाटतं म्हणाली. डॉक्टरकडे गेली होती. त्यांनी सांगितलं, आधी तीन महिने रोज लिहून ठेव, मग औषधाचं ठरवू.

"लिहितेस ना?" मी विचारलं.

"नाही गं," ती म्हणाली. "ते मोजणं मला जमत नाही. मी चुकते. त्या कानाच्या वेळी नाही का, केवढं चुकले होते."

तेव्हा मला बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "लहान होतीस गं तू तेव्हा."

ती चुकली नव्हती. पाळी येऊन नऊ दिवस झाले होते, मी ठणठणीत होते, आणि मी तिला मारलं.