बापाचा शर्ट

मी सावळी वगैरे नाही, चांगली काळी आहे. बेसन, हळद, साय, सगळं तोंडावर थापून झालं, तरी काळीची काळीच राहिले. आणि तरीही सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या शाळेत, नववीच्या पोरींना मी एकदा म्हणाले, "उन्हात दुपट्टा बांधा गं, नाहीतर काळ्या पडाल." ज्या वाक्यानं माझं लहानपण नासवलं, तेच माझ्या तोंडून निघालं.

मागच्या बाकावरची एक पोरगी उठली. शाळेत तिच्याइतकं जोरात कुणी धावत नसे. "मी तं काळीच हाये, मॅडम. मले काऊन पायजे दुपट्टा?"

वर्ग हसला, तीही हसली. पण शेजारणीनं मानेवर थाप मारली तशी ती कळवळली. आठवडाभर शेतात, भर उन्हात विळ्यानं सोयाबीन सोंगून मानेचं कातडं सोललं होतं. काळ्या अंगावर लाली दिसत नाही, त्यामुळे घरी कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मला लाज वाटली, आणि स्वतःचाच संताप आला. त्याच तासाला मी बोललेलं मागं घेतलं. ऊन कुणाचा रंग विचारत नाही, म्हटलं; मान झाका, हात झाका, पोरांनीसुद्धा.

चार दिवसांनी तालुक्याच्या स्पर्धा होत्या आणि तिची शर्यत ऐन दुपारी. गणवेशावर बापाचा लांब बाह्यांचा पांढरा शर्ट चढवून, कॉलर वर करून ती आली. पंचांनी अडवलं. "शर्ट काढा लागते." मी तिची मान दाखवली. ते म्हणाले, "एवढं काय नाजूक, मॅडम? पोरगी तं आधीच..."

रागावले की माझी पुस्तकी भाषा गळून पडते. "काळी हाये. म्हना नं, थांबले काऊन?" मी धावपट्टीच्या मधोमध जाऊन उभी राहिले. "पोरगी ह्याच शर्टात पळीन. नाई तं मी इथून हालत नाई."

ती शर्टातच पळाली. चौथी आली, आणि मला तिळमात्र वाईट वाटलं नाही.

सोमवारी शाळा सुटल्यावर ती फाटकाशी मानेला दुपट्टा गुंडाळत होती. वर्गातला एक पोरगा खिदळला, "तू अजून काय काळी होशीन वं?"

"काळं कातडं जळत नाई काय बे? दाखव तुही मान."

त्यानं मान दाखवली नाही. कॉलर तेवढी वर केली.