पहिला फोटो दोषाचा

बारीकबाई अंगानं बारीक कधीच नव्हत्या. हे नाव त्यांना ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मिळालं. तिथे मागच्या खोलीत बसून चोवीस वर्षं त्या लोकांच्या फाटक्या, जळक्या, कसर लागलेल्या कपड्यांना रफू करत. काम नाजूक असलं की मालक कपड्याच्या चिठ्ठीवर 'बारीक' असं लिहून तो आत पाठवायचा. चिठ्ठीवरचं नाव हळूहळू माणसाला चिकटलं आणि दुकान बंद झालं तरी सुटलं नाही. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला त्यांचा नवरा म्हणायचा, एवढं खोटं नाव अख्ख्या गल्लीत दुसरं नसेल. बाई ऐकून घेत. नाव शरीराचं नाही, हाताचं आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुकान बंद करताना मालकानं एक कपाट उघडून दाखवलं. वर्षानुवर्षं कुणी न्यायलाच न आलेले कपडे त्यात टांगलेले होते. दारावर तीन महिने पाटी लावून झाली होती, फोन करून झाले होते. "हे तुम्हाला," तो म्हणाला. "नाहीतर रद्दीवाला नेईल." त्यात सात कोट, दोन रेशमी झगे आणि एक हँडबॅग या वस्तू अशा कंपन्यांच्या होत्या, की त्यांची नावं नीट उच्चारायला बाईंच्या जिभेला दोन महिने लागले. परगावी राहणाऱ्या लेकीनं फोनवर शिकवून जुन्या कपड्यांच्या विक्रीचं ॲप सुरू करून दिलं, आणि बाईंनी बैठकीच्या खोलीतल्या खिडकीपाशी दुकान मांडलं. फोटो बाई काढत. खोकी बांधायचं काम नवऱ्याकडे होतं. तो खोक्याला इतकी चिकटपट्टी गुंडाळायचा की गिऱ्हाइकांना कपडा बाहेर काढायला सुरी शोधावी लागे.

हा धंदा लांबून मोठा सुखाचा दिसतो. घरबसल्या फोटो टाका, पैसे घ्या. करून बघा म्हणजे कळेल. दिवस उजाडल्यापासून लोक विचारत, "शेवटची किंमत काय?" पहिली किंमत वाचायचे कष्ट कुणी घेतलेले नसत. एकीनं एका झग्याबद्दल चाळीस प्रश्न विचारले, बाह्यांची मापं तीनदा घ्यायला लावली आणि शेवटी लिहिलं, "मला निळा हवा होता." झगा पहिल्या फोटोपासून हिरवाच होता. दुसरीनं एक जाकीट नेलं, आठवड्यानं 'मापात बसत नाही' म्हणून परत पाठवलं. खिशात पार्टीचं आमंत्रण तसंच राहिलेलं आणि कॉलरला ओठांची लाली. एका गृहस्थांना कोटाला वास कसा येतो हे लेखी हवं होतं. आणि या सगळ्यांच्या वर, रोज, न चुकता एकच सवाल: "खरा आहे ना?"

या सवालानं बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. चोवीस वर्षं ज्यांनी या कंपन्यांच्या कपड्यांची आतडी बाहेर काढून परत भरली, त्यांना कुणीही उठून असं विचारावं. पण त्या उत्तर देत, आणि त्यांनी एक नियमही करून ठेवला होता. वस्तू टाकताना पहिला फोटो दोषाचा. डाग असेल तर डागाचा, झिजलेली कड असेल तर कडेचा, शेजारी मोजपट्टी ठेवून. कपडा किती देखणा आहे ते नंतर. लेक म्हणाली, "आई, असं कुणी करत नाही. पहिल्याच फोटोत भोक बघून लोक पळतील." बाई म्हणाल्या, "पळतील ते परत पाठवायलाही येणार नाहीत." कपाटातला माल संपला तसे लोकही आपले कपडे विकायला आणून देऊ लागले. तीन वर्षांत चारशेच्या वर वस्तू गेल्या आणि दुकानावर एकही वाईट शेरा पडला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला नवरा हे सांगायचा, जणू ही बसही त्यानंच चालवली होती.

मग तो काळा कोट आला. घर लहान करायला निघालेल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंनी तो विकायला दिला. वीस वर्षांपूर्वी परदेशी परिषदेला जाताना घेतलेला, जाड लोकरीचा, घोट्यापर्यंत पोचणारा. खांदे असे कापलेले की हँगरवर टांगला तरी आत कुणीतरी ताठ उभं आहे असं वाटावं. फक्त उजव्या काखेतलं अस्तर फाटलं होतं आणि त्याच्या खाली, बरगडीपाशी, बाहेरच्या लोकरीला कसरीनं दोन नाण्यांएवढं भोक पाडलं होतं.

बाईंनी त्याला अकरा दिवस दिले. कोटाच्याच खालच्या मुडपीतून लोकरीचे धागे एकेक करून काढले आणि उभे-आडवे विणत भोक भरलं. अस्तराला ठिगळ हवं होतं, ते आतल्या खिशाच्या पाठीमागून कापून घेतलं, म्हणजे बाहेरचा कपडा कोटाला लागलाच नाही. फाटलेली जुनी कड त्यांनी कापली नाही. त्यांची रीत होती, जुनं आहे तसं आत राहू द्यायचं आणि वर नवं बसवायचं. काम संपल्यावर त्यांनी कोट खिडकीत धरला, चष्मा पुसला, परत धरला. भोक कुठे होतं ते त्यांनाच बोटानं चाचपून शोधावं लागलं.

आता नियमाप्रमाणे पहिला फोटो. बाईंनी मोजपट्टी लावली, फोन रोखला. नवरा मागून वाकून म्हणाला, "कशाचा फोटो काढतेस? इथे काहीच नाही."

त्या शब्दांनी घात केला. रफूचं काम मोठं दळभद्री असतं. जितकं चांगलं तितकं दिसत नाही. चोवीस वर्षं माणसं कपडा न्यायला यायची, उलटापालटा करून बघायची, काही दिसत नाही म्हणून खूश व्हायची आणि जायची. ज्यानं ते केलं तो मागच्या खोलीत. बाईंना एकदा, फक्त एकदा, वाटलं की या कोटाला 'दुरुस्त केलेला' हा शब्द लागू नये. त्यांनी दोषाच्या रकान्यात लिहिलं, "नाही."

कोट दोन दिवसांत विकला गेला. एवढी महाग वस्तू असली की ॲपवाले ती आधी आपल्या तपासणी केंद्रात मागवत आणि तिथून गिऱ्हाइकाकडे पाठवत. आठवड्यानं कोट परत बाईंच्या दारात. गळ्यात लाल चिठ्ठी: "बनावट. उजव्या काखेतली अस्तराची शिवण हाताची आहे. ही कंपनी या जागी यंत्रानं शिवते." सोबत पत्र होतं. बनावट माल विकल्यामुळे दुकान स्थगित केलं आहे. सात दिवसांत पुरावा न दिल्यास कायमचं बंद होईल.

बाईंनी खुर्चीत बसून पत्र दोनदा वाचलं. 'बनावट' हा शब्द त्यांच्या नावासमोर, दुकानाच्या पानावर, कुणालाही वाचता येईल असा लावला होता. आणि तरी त्यात एक गोष्ट त्यांच्या मनात रुतून राहिली. काखेत शिरून टाके बघणारा कुणीतरी माणूस तिथे बसला होता.

डॉक्टरीणबाईंकडे वीस वर्षांपूर्वीची पावती कुठून असणार? बाईंनी लिहून कळवलं की ती शिवण माझी आहे, कोट कंपनीचाच आहे. उत्तर आलं: "आपल्या संयमाबद्दल आभार. आपल्या वर्णनात दुरुस्तीचा उल्लेख आढळला नाही." परत लिहिलं. परत आभार. चौथ्यांदा आभार आले तेव्हा नवरा म्हणाला, "हा माणूस नाहीच, यंत्र आहे. यंत्राशी किती डोकं फोडणार?"

"यंत्राला दोष देऊ नका," बाई म्हणाल्या. "उल्लेख नव्हताच. मीच लिहिला नाही."

हे त्या पहिल्यांदाच मोठ्यानं बोलल्या. मग त्यांनी पाचव्यांदा लिहिलं, तीनच ओळी. दुरुस्ती लपवली ही माझी चूक. शिवण ज्यांनी पकडली त्यांच्यासमोर मी ती उसवून दाखवते. त्यांना फक्त फोनवर बघायला सांगा.

सहाव्या दिवशी सकाळी अकराला फोन आला. पडद्यावर पिकल्या मिशांचा, कपाळावर भिंग चढवलेला माणूस होता. नवऱ्यानं दोन्ही हातांनी फोन धरला. बाईंनी कोट टेबलावर उलटा पसरला.

"ताई, मी दोष काढायला बसलेलो नाही," तपासनीस म्हणाला. "पण हातची शिवण ती हातची शिवण."

"बरोबर पकडलीत," बाई म्हणाल्या. "बघा आता."

त्यांनी सुईचं टोक घालून पहिला टाका उचलला. अकरा दिवसांतले चार दिवस या काखेत गेले होते. आपलं सगळ्यात चांगलं काम त्यांनी आपल्याच हातानं एकेक टाका करत उसवलं. ठिगळ सुटलं आणि खाली जुनी फाटकी कड दिसली, न कापलेली, आणि त्या कडेवर कंपनीच्या यंत्राचे एकसारखे टाके तसेच शाबूत. बाईंनी खिसा उलटा करून जिथून कापड काढलं ती रिकामी चौकट दाखवली, वर ठिगळ ठेवलं. अस्तरात विणलेलं कंपनीचं नाव अर्धं खिशावर होतं आणि अर्धं ठिगळावर. दोन्ही जुळलं.

तपासनीसानं भिंग खाली घेतलं, वर केलं. "कोट खरा आहे," तो म्हणाला. "माझा शेरा मी मागे घेतो. दुकान आज सुरू होईल."

नवरा फोन बंद करायला निघाला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "अजून एक दुरुस्ती आहे. बाहेरच्या लोकरीला."

फोनच्या मागून नवरा नको-नको म्हणून मान हलवायला लागला, इतक्या जोरात की फोनही हलला.

"फोन हलवू नका हो," तपासनीस म्हणाला. "काय म्हणालात ताई? बाहेरून? ते शक्य नाही. मी दिव्याखाली अडतीस फोटो काढलेत."

"मग बघा त्यात."

तो बघू लागला. त्यानं डावी बाजू विचारली. बाई नाही म्हणाल्या. कॉलरखाली? नाही. पाठीची शिवण? नाही. त्यांनी जागा सांगायला तोंड उघडलं तर तो म्हणाला, "सांगू नका, सांगू नका." भिंतीवरचं घड्याळ चांगलं दहा मिनिटं पुढे गेलं. मग त्यानं भिंग काढून बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "हात टेकले."

बाईंनी उघड्या अस्तरातून हात घालून लोकरीची आतली बाजू दाखवली. तिथे धाग्यांची बारीक टोकं होती. "हां, हे दिसलं," तो म्हणाला. "आता बाहेरून दाखवा." बाईंनी कोट उलटवला आणि जागेवर बोट ठेवलं. मग बोट उचललं.

तो पुढे वाकला. त्याच्या मिशा पडद्याला लागतात की काय असं वाटलं. "बोट परत ठेवा," तो म्हणाला. "हरवली."

बाईंनी दुसऱ्यांदा बोट ठेवलं. तेव्हा त्यांना अभिमान वाटला, सरळसोट, पोटभर अभिमान, आणि तो लपवावा असं मुळीच वाटलं नाही.

"कुठे शिकलात?"

"ड्रायक्लीनिंगच्या दुकानात. मागच्या खोलीत."

"तीस वर्षं हे काम करतोय," तो म्हणाला आणि बाजूला ठेवलेलं भिंग परत कपाळावर चढवलं. मग खाकरून त्यानं सांगितलं, "पण ताई, एक शेरा पडणार. दुरुस्ती लिहिली नव्हती. आता तर दोन झाल्या."

"पडू द्या. खराच आहे तो."

फोन बंद झाल्यावर नवरा म्हणाला, "एवढं सुटलो होतो. दुसरं सांगायची काय गरज होती?"

"अहो, तो माझे टाके बघायला आला होता," बाई म्हणाल्या. "आजवर कोण आलं होतं?"

अस्तर परत शिवायला पाच दिवस गेले. मग त्यांनी कोट पुन्हा विकायला ठेवला. दुकानाच्या पानावर आता पहिला आणि एकुलता एक शेरा होता, 'दुरुस्ती नमूद केली नाही', आणि नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला तोही वाचून दाखवायला लागला. कोटाचा पहिला फोटो नियमाप्रमाणे दोषाचा होता. शेजारी मोजपट्टी, बाकी नुसती काळी लोकर. खाली लिहिलं होतं: "उजव्या काखेत अस्तर फाटलं होतं. बाहेरून दोन नाण्यांएवढं भोक होतं. दोन्हींचं काम मी केलं आहे. बाहेरचं सापडलं तर कळवा, कोट परत घेईन."

'खरा आहे ना' हे या वेळी कुणी विचारलं नाही. शेवटची किंमतही विचारली नाही. कोट एका ग्रंथपालबाईंनी नेला. महिन्याभरानं त्यांचा निरोप आला, सोबत एक फोटो. कोट परत करायचा नाही, पण जागा सापडली, असं त्यांनी मोठ्या खुशीत लिहिलं होतं, आणि फोटोत लाल गोल काढला होता.

बारीकबाईंनी चष्मा लावला, फोटो मोठा केला, खिडकीपाशी नेऊन नीट पाहिला. गोलातला एक धागा खरंच जरा वाकडा होता. त्यांनी सावकाश एकेक अक्षर दाबत उत्तर लिहिलं:

"ते कंपनीचं काम आहे. माझं नव्हे."